दृढीकरणात कोण कोणाला वचन देते?

ख्रिस्ती शेजारात वाढलेल्या मराठी माणसाला बाप्तिस्मा म्हणजे काय हे ठाऊक असते. चर्चमधले लग्न त्याने पाहिलेले असते, एखाद्या अंत्यविधीलाही तो जाऊन आलेला असतो. दृढीकरण हा संस्कार मात्र त्याच्या कानावरून नुसता गेलेला असतो. वसई-मुंबईकडे याला सर्रास कन्फर्मेशन म्हणतात. त्याचा अर्थ विचारला तर उत्तर बहुधा असे मिळते: बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, तेव्हा आईवडिलांनी बाळाच्या वतीने होकार दिला, आता मूल कळते झाले, तर तो होकार ते स्वतःच्या तोंडाने पक्का करते. हे उत्तर सुटसुटीत आहे, व्यक्तीच्या निवडीला मान देणारे आहे आणि म्हणूनच आजच्या मनाला लगेच पटते. पण कॅथलिक परंपरेची आणि पूर्वेकडील प्राचीन चर्चची साक्ष काढली, तर ते टिकत नाही. माझे म्हणणे असे, की दृढीकरणात देणारा देव आहे आणि घेणारा माणूस. या संस्कारात माणसाचा होकार आवश्यक असला तरी केंद्रस्थानी नाही. हा क्रम मनात उलटा झाला, म्हणूनच हा संस्कार नेमका कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर आज खुद्द घेणाऱ्यांनाही देता येत नाही.

आधी विधीच पाहू, कारण कोणत्याही संस्काराचा अर्थ त्याच्या शब्दांत आणि हालचालींत सर्वात स्वच्छ दिसतो. मिस्सा या उपासनेत शुभवर्तमान वाचून झाले की उमेदवारांना बिशपसमोर सादर केले जाते. प्रवचनानंतर ते बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात: सैतानाला नकार, श्रद्धेचा स्वीकार. मग बिशप सगळ्यांवर हात पसरून पवित्र आत्म्याची सात दाने मागतात. सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचे भय ही ती दाने. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातून ती आली आहेत. त्यानंतर एकेक जण पुढे येतो. धर्मपिता किंवा धर्ममाता मागे उभी राहून त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवते. नाव सांगितले जाते. बिशप उजव्या हाताचा अंगठा क्रिझम नावाच्या सुगंधी तेलात बुडवून त्याच्या कपाळावर क्रूस काढतात आणि पवित्र आत्म्याच्या देणगीची मोहोर स्वीकार, या अर्थाचे एक वाक्य म्हणतात. उमेदवार ‘आमेन’ म्हणतो, बिशप त्याला शांतीचा आशीर्वाद देतात, आणि पुढचा उमेदवार येतो. माणसाने द्यायची वचने पूर्वतयारीत, संस्काराच्या उंबऱ्यावर देऊन झालेली असतात. प्रत्यक्ष संस्काराच्या क्षणी त्याच्या वाट्याला एकच शब्द आहे, आणि तो घेणाऱ्याचा शब्द आहे. तेलाचेही तसेच. ऑलिव्हसारख्या वनस्पतीच्या तेलात बाल्सम हा सुगंधी राळेचा अंश मिसळून हे क्रिझम तयार होते. पवित्र सप्ताहात, बहुधा गुरुवारी, बिशप आपल्या सर्व धर्मगुरूंसमवेत ते पवित्र करतात आणि तेलाच्या भांड्यावर आपला श्वास फुंकतात. बाप्तिस्म्यात, धर्मगुरूच्या दीक्षेत, नव्या चर्चच्या वेदीवर आणि भिंतींवर हेच तेल लागते. यातली कोणतीही वस्तू किंवा व्यक्ती स्वतःला अर्पण करून पवित्र होत नाही. तिला पवित्र केले जाते.

या संस्काराची मुळे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात शोधतात. शोमरोनात फिलिप्पाने लोकांना बाप्तिस्मा दिला. पुढे यरुशलेमहून पेत्र आणि योहान आले, त्यांनी त्या लोकांवर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. इफिस येथे पौलाने बाप्तिस्म्यानंतर सुमारे बारा जणांवर हात ठेवल्याचा उल्लेख आहे. इसवी २००च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन जी पद्धत सांगतो, तिच्यात पाण्याचे स्नान, मग तैलाभ्यंग आणि मग आत्म्याला आवाहन करत हात ठेवणे, हे सारे एकाच प्रसंगाचे टप्पे आहेत. त्या काळच्या गावात बिशप एकच, ख्रिस्ती मंडळी मूठभर आणि बाप्तिस्म्याचा मुख्य प्रसंग ईस्टरची रात्र. पाणी, तेल आणि त्यानंतरचे पहिले कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, अशी ती सलग वाट होती. मोठ्या माणसाबरोबर त्याची लेकरेही त्याच वाटेने चालत.

मग ती वाट तुटली कुठे? चौथ्या शतकानंतर ख्रिस्ती लोक वाढले, खेडोपाडी पसरले, आणि बिशपला एकाच रात्री सगळीकडे पोचणे अशक्य झाले. या अडचणीवर पूर्वेने एक उत्तर काढले आणि पश्चिमेने दुसरे. पूर्वेने ठरवले, की तेल बिशपने किंवा पॅट्रिआर्कने पवित्र करावे आणि बाप्तिस्मा देणाऱ्या साध्या धर्मगुरूनेच ते बाळाला तिथल्या तिथे लावावे. रोमने उलट भूमिका घेतली. ४१६ साली पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बिओच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले, की बाप्तिस्मा झालेल्याला धर्मगुरू तेल लावू शकतो, पण कपाळावरची खूण हा बिशपचाच अधिकार. परिणाम उघड होता. बिशप गावात येईपर्यंत बाळ थांबले. कुठे महिने, कुठे वर्षे, कुठे आयुष्यभर. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील लिंकनचे बिशप संत ह्यू यांच्या चरित्रकाराने त्यांची एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे: वाटेत मुले दृढीकरणासाठी आणली, की ते घोड्यावरून खाली उतरत. इतर काही जण घोड्यावर बसल्या बसल्याच तेल लावून पुढे निघून जात, म्हणून हे उतरणे नोंदण्याजोगे ठरले. लोक इतके बेफिकीर झाले होते, की १२८१ साली कँटरबरीचे आर्चबिशप पेकम यांनी दृढीकरण न झालेल्याला कम्युनियन देऊ नये असा नियम काढला. मूल मोठे होण्याची वाट कोणी पाहत नव्हते. वाट पाहिली जात होती बिशपांची. याचा पुरावा राजघराण्यात मिळतो, जिथे बिशपांची वानवा कधीच नव्हती. राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे पुढची इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी, ७ सप्टेंबर १५३३ रोजी जन्मली. १० तारखेला ग्रीनिच येथे तिचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच समारंभात दृढीकरणही उरकले. तीन दिवसांची मुलगी कोणता होकार पक्का करणार होती?

अंतरामुळे पडलेली ही फट अर्थाने भरण्याचे काम नंतर सुरू झाले. पाचव्या शतकातील दक्षिण गॉलमधल्या रीएझ गावचे बिशप फॉस्टस यांचे मानले जाणारे एक पेंटेकॉस्टचे प्रवचन आहे. बाप्तिस्म्याने आपण जगायला जन्मतो, दृढीकरणाने लढायला सज्ज होतो, असा त्याचा आशय. नवव्या शतकात हा मजकूर एका बनावट दस्तऐवजसंग्रहात एका जुन्या पोपच्या नावावर घुसडला गेला. पोपचे वचन म्हणून तो मध्ययुगीन धर्मपंडित पीटर लोम्बार्डने घेतला, थॉमस अक्वायनसनेही घेतला, आणि ‘ख्रिस्ताचा सैनिक’ ही प्रतिमा शतकानुशतके शाळेतल्या मुलांच्या मनावर ठसली. तेराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधील मांदचे बिशप गियोम द्युराँ यांच्या विधिग्रंथात बिशपने उमेदवाराच्या गालावर हलकी चापट मारावी असे आले. पूर्वी तिथे शांतीचे चुंबन होते. आता आघात सोसण्याची आठवण आली. १९७१च्या सुधारित विधीतून ती चापट वगळली गेली, ते योग्यच झाले. सैनिकाची कल्पना टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. श्रद्धेसाठी छळ सोसणाऱ्यांना तिने बळ दिले असेल. पण संस्काराच्या जन्माशी तिचा संबंध नाही, आणि लढायचे तर वय हवे, हा विचार तिच्याच पाठीवर बसून आत आला. खुद्द अक्वायनस मात्र या फसगतीत अडकले नाहीत. शरीराचे वय आत्म्याच्या आड येत नाही, असे त्यांनी याच संस्काराविषयी लिहिताना बजावले आहे.

आज रूढ असलेला ‘स्वतःचा होकार’ हा अर्थ खऱ्या अर्थाने सोळाव्या शतकातला. १५२२च्या सुमारास विद्वान इरॅस्मसने सुचवले, की किशोरवयात मुलांना बाप्तिस्म्याची वचने जाहीरपणे पुन्हा म्हणायला लावावीत. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर याने १५२० सालीच दृढीकरणाला संस्कार मानायला नकार दिला होता. ख्रिस्ताने तो स्थापन केल्याचे वचन बायबलात नाही, हा त्याचा आक्षेप. दुसरीकडे तान्ह्यांचा बाप्तिस्मा खोटा, कारण त्यात निवड नाही, असे म्हणणारे अॅनाबॅप्टिस्ट उभे होते. त्यांना उत्तर म्हणून धर्मसुधारक मार्टिन ब्यूत्सर याने १५३८-३९च्या हिवाळ्यात हेसमधील झीगेनहाइन येथे नवी व्यवस्था आखली: मुलांनी प्रश्नोत्तरी शिकावी, मंडळीसमोर श्रद्धा कबूल करावी, मग त्यांच्यावर हात ठेवावे. प्रॉटेस्टंट कन्फर्मेशनची ही घडण. हिच्यात अप्रामाणिक काही नाही, आणि आपण हेच करत आहोत असे तिचे कर्ते उघड सांगत होते. आश्चर्य पुढे आहे. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ साली दृढीकरणावर अवघे तीन नियम केले. त्यातला पहिलाच नियम असा, की किशोरवयाच्या उंबरठ्यावरील मुलांनी चर्चला आपल्या श्रद्धेचा हिशेब देणे एवढेच दृढीकरण पूर्वी होते, असे जो म्हणेल तो बहिष्कृत. ज्या समजुतीला ट्रेंटने इतक्या कडक शब्दांत दार लावले, तीच आज कॅथलिक घरांत दृढीकरणाचा अर्थ म्हणून सांगितली जाते.

ही समजूत शेवटी कुठे जाते, हे पाहायला उत्तर युरोपात डोकवावे. १७३६ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात कन्फर्मेशन कायद्याने सक्तीचे झाले. त्याशिवाय लग्नही करता येत नसे. याचा एक मोठा फायदा झाला, तो नाकारू नये. खेड्यापाड्यांतली मुले वाचायला शिकली, कारण प्रश्नोत्तरी पाठ हवी होती. पण कन्फर्मेशन म्हणजे मोठे होण्याचा सोहळा, असे समीकरण पक्के बसले. मग विसाव्या शतकात नॉर्वेत १९५१पासून धर्मनिरपेक्ष नागरी कन्फर्मेशन सुरू झाले, आणि पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीने १९५४-५५पासून ‘युगेंडवाइहं’ हा तरुणांचा दीक्षासमारंभ मुद्दाम कन्फर्मेशनच्या जागी उभा केला. दोन्हीकडे तेच वय, तयारीचे तसेच वर्ग, तसेच नवे कपडे, घरी तशीच मेजवानी. फक्त देव वगळला, आणि सोहळ्याचे काही अडले नाही. माझ्या दृष्टीने या वादातला हा सर्वात बोलका पुरावा आहे. ज्या संस्कारातून देव काढून घेतला तरी तो जवळजवळ तसाच चालू राहतो, त्यात देव आधीच पाहुणा झालेला असतो.

कॅथलिक बाजूला गोंधळ वाढवला तो एका चांगल्या हेतूच्या निर्णयाने. १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. लहान मुलांना ख्रिस्तप्रसादापासून वर्षानुवर्षे दूर ठेवू नये, ही त्यांची भूमिका आणि ती रास्त होती. दृढीकरणाबद्दल मात्र त्या आदेशात काही ठरवले नव्हते. त्यामुळे कम्युनियन पुढे सरकले, दृढीकरण मागे राहिले, आणि बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन हा प्राचीन क्रम बहुतेक ठिकाणी मोडला. मागे राहिलेल्या संस्काराला काही कारण हवे होते; ते ‘प्रौढत्व’ या रूपाने आयते मिळाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार पुन्हा बाप्तिस्म्याशी जोडून दाखवा असे सांगितले. त्यानुसार १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला आणि त्यासाठी पूर्वेच्या बिझंटाइन परंपरेतले मोहोरेचे वाक्य स्वीकारले. १९८३च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेतही सर्वसाधारण वय ‘समज येण्याचे’, म्हणजे सातच्या आसपासचे, ठेवले आहे. बिशपांच्या परिषदेला ते बदलण्याची मुभा आहे. याच संहितेत एक छोटी तरतूद आहे, जी सगळ्या चर्चेचा निकाल लावते. मृत्यूच्या दारातल्या बाळाला कोणताही धर्मगुरू दृढीकरण देऊ शकतो. जे मूल बोलू शकत नाही आणि उद्या पाहणार नाही, त्यालाही हा संस्कार हवा असे जे चर्च मानते, त्या चर्चच्या दृष्टीने तो प्रौढत्वाचा करार असूच शकत नाही.

आता काही आक्षेप. पहिला आपल्याकडचा, मराठी वाचकाच्या मनात हमखास येणारा: ही ख्रिश्चनांची मुंजच ना? साम्य आहे, वयाचेही आहे. पण मुंजीने दुसरा जन्म होतो असे मानतात. ख्रिस्ती श्रद्धेत तो दुसरा जन्म बाप्तिस्म्यात झालेला असतो. मुंज परंपरेने ठरावीक वर्णांच्या मुलग्यांची. दृढीकरण प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे. आणि मुंजीपासून शिक्षणाला आरंभ व्हायचा, तर दृढीकरणाने धर्मशिक्षण संपते असा आपल्या चर्चमधल्या मुलांचा आणि पालकांचा समज. तुलना करायचीच तर निदान आरंभाचा हा भाग तिच्याकडून घ्यावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बाप्तिस्म्यातच पवित्र आत्मा मिळतो, तर पुन्हा कशाला? आणि नव्या करारात तरी एकच क्रम कुठे आहे? कैसरियात कर्नेल्याच्या घरच्यांवर तर बाप्तिस्म्याआधीच आत्मा उतरला. हे खरे आहे, आणि दृढीकरणाचा आजचा विधी बायबलात जसाच्या तसा सापडतो असा दावा कोणी करू नये. पण शोमरोनचा प्रसंग पुन्हा वाचावा. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान्पिढ्यांचे वैर. अशा ठिकाणी श्रद्धेत आलेल्यांना यरुशलेमच्या प्रेषितांनी येऊन हात लावणे, म्हणजे तुम्ही वेगळा पंथ नाही, आमच्यातलेच आहात, अशी ती खूण होती. बाप्तिस्म्यात काही कमी राहिले म्हणून दृढीकरण होत नाही. जे मिळाले त्यावर साऱ्या चर्चची मोहोर उमटते, आणि एका घरातले, एका गावातले मूल प्रेषितांपासून चालत आलेल्या मोठ्या कुळाशी जोडले जाते. रोमने बिशपचा हात सोडला नाही तो यासाठी, आणि पूर्वेने बिशपचे तेल सोडले नाही तेही यासाठी.

तिसरा आक्षेप: मग मुलाच्या इच्छेला काही किंमतच नाही का? आहे, आणि या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या बॅप्टिस्ट परंपरेचा मान राखला पाहिजे. तिचे म्हणणे सुसंगत आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट आणि इतर मंडळ्या एका छताखाली आल्या आणि बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. तिथे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुढे श्रद्धेची कबुली देण्याला खास अर्थ आहे. पण कॅथलिक चर्चला हा होकार घ्यायला जागा कमी नाहीत. ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेत कॅथलिक माणूस दरवर्षी बाप्तिस्म्याची वचने नव्याने म्हणतो. लग्न, धर्मगुरूपद, संन्यास ही सगळी स्वतःच्या तोंडाने दिलेली वचनेच आहेत. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून आयुष्यभराचा निर्णय एका रविवारी वदवून घेणे, तेही घरचे पाहुणे जमलेले असताना, याला इच्छेचा मान म्हणणे अवघड आहे. मान द्यायचा तर होकार अनेकदा मागावा, नकार द्यायला वाव ठेवावा, आणि मिळालेली देणगी मुलाला त्यासाठी आधी हाती द्यावी. बळ हवे ते निर्णय घेण्याआधी.

आपल्या महाराष्ट्रात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. १९८८ साली कल्याण येथे सिरो-मलबार कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पूर्वेकडील कॅथलिक चर्चच्या १९९०च्या संहितेनुसार त्यांच्याकडे पवित्र तेलाचा अभ्यंग बाप्तिस्म्याबरोबरच व्हायचा असतो. मुंबई-पुण्यातील मलयाळी ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही तेच. त्याच शहरांत आणि १९९८ साली स्थापन झालेल्या, मराठीत उपासना करणाऱ्या वसई धर्मप्रांतात लॅटिन परंपरा चालते. तिथे दृढीकरण नंतर, बिशपांच्या हातून. एकाच पोपच्या अधिकाराखालची, एकाच इमारतीत राहणारी दोन कॅथलिक मुले. एकाला पहिल्या वर्षीच दृढीकरण मिळालेले, दुसरे अजून त्याच्या वर्गाला जाते. दोघांचा संस्कार एकच आहे हे चर्च मान्य करते, तर वय हा त्याचा गाभा नव्हे, हेही मान्य करावेच लागेल.

तेव्हा लॅटिन परंपरेतल्या पालकांना आणि धर्मगुरूंना विनंती आहे. पुढे लग्नाच्या वेळी कागद लागेल म्हणून दृढीकरण उरकू नका. शक्य असेल तर लग्नाआधी दृढीकरण व्हावे असे धर्मविधीसंहिता म्हणते, पण ती कागद नव्हे, संस्कार मागते. हजेरीच्या जोरावर मुलांना वर्गात बसवून शेवटी प्रमाणपत्र दिले, की मूल त्याला शाळेसारखे समजते आणि शाळेसारखेच सोडून जाते. अमेरिकेतील डेन्व्हरच्या आर्चडायोसिसने २०१५ साली जुना क्रम परत आणायचे ठरवले: तिसरीतल्या मुलांना पहिल्या कम्युनियनआधी, त्याच मिस्सामध्ये दृढीकरण. आपल्याकडेही बिशपांच्या परिषदेने आणि प्रत्येक धर्मप्रांताने हा प्रश्न खुलेपणाने चर्चेला घ्यावा. देणगी लवकर द्या, आणि किशोरवयातले वर्ग बंद न करता त्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू करा. संहिता याच्या आड येत नाही.